नवी अलॉय व्हील आणि हवेचा पिवळा दिवा

खासबाग, शहापूर, वडगाव हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. यंत्रमागांचा आवाज, अरुंद गल्ल्या, रविवारी खासबागेत भरणारा आठवडी बाजार. या भागातली गाडी आठवडाभर गावातल्या गावात दुसऱ्या गिअरवर फिरते आणि सुट्टी लागली की घाटाची वाट धरते. कधी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला, कधी आंबोलीवरून सावंतवाडीला, तर कधी राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून तवंदी घाटाने निपाणी-कोल्हापूरकडे. अशा गाडीला हौसेने नवी अलॉय व्हील बसवली आणि दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर टायरचं चिन्ह आणि त्यात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला, तर त्याचं उत्तर घाटात उतरण्याआधी मिळायला हवं.

दुकानात विचारलं तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं. "सेन्सरचा दिवा हाय ओ, काय होत नाही, चालवा की." निम्म्या वेळा हे खरंही असतं. उरलेल्या निम्म्या वेळा एखाद्या चाकातली हवा खरोखरच उतरत असते, आणि बाहेरून बघून या दोन्हींतला फरक कळत नाही. तो कळतो दिव्याच्या वागण्यावरून.

गाडी सुरू करावी आणि दीड मिनिट फक्त त्या दिव्याकडे बघावं. दिवा आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेत बिघाड आहे. म्हणजे गाडीला एका किंवा अनेक चाकांची खबरच मिळत नाहीये. दिवा पहिल्यापासून न लुकलुकता स्थिर राहिला, तर यंत्रणा ठीक आहे आणि ती हवा कमी असल्याचं सांगते आहे. ज्या गाड्यांत चारही चाकांचे आकडे पडद्यावर दिसतात, तिथे काम आणखी सोपं. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या, तर त्या चाकाचा सेन्सर बोलत नाही. आकडा आला आणि तो कमी असला, तर चाक तपासायचं. मोबाइलवर त्या दीड मिनिटाचं चित्रीकरण करून ठेवलं तर मेकॅनिकसमोर वाद उरत नाही.

या दिव्यामागे मोठा इतिहास आहे. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीला लागलेले होते. टायरचा वरचा थर भर वेगात सुटून यायचा आणि गाडी उलटायची. या प्रकरणात अमेरिकेत २७०हून अधिक माणसं दगावली. दोष टायरच्या बांधणीत होता की गाडीच्या रचनेत, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. एक मुद्दा मात्र सतत पुढे आला. फोर्डने या टायरमध्ये २६ पीएसआय हवा सुचवली होती. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते, आणि तापलेला टायर आतून सुटायला लागतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा केला, आणि सप्टेंबर २००७पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, म्हणजे टीपीएमएस, सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, हा तिथला नियम. युरोपात नोव्हेंबर २०१४पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा आली.

भारतात सरसकट सक्ती नाही. मात्र २०२०च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल, असं त्यात ठरलं. टीपीएमएससाठी एआयएस १५४ हे मानक आहे. आज अनेक गाड्या, विशेषतः विजेवर चालणाऱ्या, स्टेपनीशिवाय येतात त्या या नियमाच्या आधाराने. अशा गाडीत नवी चाकं घालताना सेन्सर बाद झाले, तर स्टेपनीही नाही आणि इशाराही नाही. चोर्ल्याच्या जंगलात रात्री मोबाइलला रेंज नसताना ही फार वाईट अवस्था आहे.

कोणत्या गाडीत काय आहे हे आधी ओळखायला हवं, कारण यंत्रणा दोन जातींच्या आहेत आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिली थेट जात. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. महिंद्राने 'टायरट्रॉनिक्स' या नावाने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५००मध्ये दिलेली यंत्रणा याच जातीची. ह्युंदाई क्रेटा, किया सेल्टॉस यांच्या वरच्या मॉडेलांत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, तोही अशा सेन्सरमुळेच. दुसरी अप्रत्यक्ष जात. इथे चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतं, हे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतल्या सेन्सरवरून संगणक ओळखतो. टाटाची 'आय-टीपीएमएस' ही अशी आहे. फोक्सवॅगन टायगुनमधला हवा उतरल्याचा इशाराही याच तत्त्वावर चालतो. चाकागणिक आकडे दिसत असतील तर यंत्रणा थेट. आकडे नसून मेन्यूत टायर दाब 'रीसेट' किंवा 'कॅलिब्रेट' असा पर्याय असेल, तर बहुधा अप्रत्यक्ष.

थेट यंत्रणेच्या गाडीला नवी चाकं बसवली आणि दिवा लुकलुकला, की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. जुने रिम एक्स्चेंजमध्ये दिले गेले आणि चारही सेन्सर त्यांच्यासोबत गेले. जुन्या रिमवरचा व्हॉल्व्ह धातूचा असला तर आत सेन्सर असणार, असा अंदाज बांधता येतो. पण अलीकडे रबरी व्हॉल्व्हलाही सेन्सर जोडलेले येतात, त्यामुळे नुसत्या व्हॉल्व्हवरून 'सेन्सर नाही' असं ठरवू नये. टायर उतरवल्यावर रिमच्या आत डोकावून पाहणं हाच खात्रीचा मार्ग. ज्याने आपली जुनी चाकं दिली, त्याने त्यांच्यासोबत हजारो रुपयांचा माल दिला. दुकानदारालाही तो अनेकदा कळलेला नसतो, कारण टायर नव्या रिमवर चढवला जातो आणि जुना रिम तसाच कोपऱ्यात जातो.

जुने सेन्सर नव्या रिममध्ये घालता येतात, पण डोळे झाकून नाही. सेन्सर ज्या छिद्रातून बसतो ते प्रमाणित रिममध्ये साधारण साडेअकरा मिलिमीटरचं असतं. छिद्राची कडा खडबडीत असली तर व्हॉल्व्हचं रबर कापलं जातं आणि हवा हळूहळू गळते. रिमच्या आतलं वळणही महत्त्वाचं. काही स्वस्त रिममध्ये व्हॉल्व्हपासची जागा इतकी उथळ असते की सेन्सरचा डबा रिमला टेकून तिरका बसतो, आणि टायर चढवताना टायरची कडा त्यावर येऊन तो फुटतो. म्हणून टायर चढवण्याआधी एका रिममध्ये सेन्सर नुसता धरून पाहावा. धातूच्या व्हॉल्व्हचा छोटा नट साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटरनेच आवळायचा असतो. चाकाचे मोठे नट बहुतेक मोटारींत शंभरच्या आसपास आवळतात, त्यांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पान्याने अंदाजाने दाबला की ॲल्युमिनियमची दांडी तडकते.

एक बारकी गोष्ट गोव्याला वारंवार जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. सेन्सरच्या व्हॉल्व्हची दांडी ॲल्युमिनियमची असेल, तर तिच्या आतली पिन निकेलचा मुलामा दिलेली लागते. टायरच्या दुकानात सहज मिळते ती साधी पितळेची पिन. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्या खाऱ्या हवेत एकमेकांना खातात. काही महिन्यांत पिन आत अडकते, ती काढताना दांडी मोडते आणि सेन्सर फुकट जातो. पाच रुपयांच्या पिनेपायी होणारं हे नुकसान टाळणं पूर्णपणे मालकाच्या हातात आहे.

सेन्सरच्या आत लिथियमची सीलबंद बॅटरी असते. ती बदलता येत नाही आणि साधारण सात ते दहा वर्षं टिकते. गाडी सहा-सात वर्षांची असेल तर नव्या चाकांत जुने सेन्सर घालण्यात शहाणपण नाही; वर्षभरात पुन्हा चारही टायर उघडावे लागतील आणि मजुरी दुप्पट होईल. नवे घ्यायचे तर कंपनीचे घ्यावेत, नाहीतर प्रोग्रॅम करता येणारे. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. प्रोग्रॅम करण्याच्या यंत्रावर जुन्या सेन्सरचा क्रमांक नव्यात उतरवता येतो, मग गाडीला बदल कळतही नाही. तसं केलं नाही तर गाडीला नवे क्रमांक शिकवावे लागतात. काही गाड्या ते स्वतः शिकतात. ताशी २५ किलोमीटरहून जास्त वेगाने दहा-वीस मिनिटं चालवलं की झालं. उभ्या गाडीत बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर झोपलेला असतो, म्हणून गल्लीत पुढे-मागे करून काही होत नाही. महामार्गाला लावून यावं लागतं. काही गाड्यांना मात्र तपासणीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडूनच क्रमांक द्यावे लागतात, आणि चाकं पुढची मागे केली तरी पुन्हा द्यावे लागतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

ऑनलाइन किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडून सेन्सर मागवणाऱ्यांनी लहर जुळते का ते पाहावं. युरोपात आणि भारतातल्या बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर लागतात, अमेरिकेत बऱ्याच गाड्यांना ३१५चे. हुबेहूब तसाच दिसणारा सेन्सर आपल्या गाडीशी एक अक्षर बोलणार नाही.

अप्रत्यक्ष यंत्रणेत यातलं काहीच लागत नाही, आणि म्हणूनच तिथे वेगळी चूक होते. या यंत्रणेला रिम कोणता याच्याशी कर्तव्य नाही. चाकाचा घेर तिला कळतो. नवे टायर बसल्यावर चारही चाकांत थंड अवस्थेत बरोबर हवा भरायची आणि मगच मेन्यूतून कॅलिब्रेट करायचं, हा क्रम उलटला तर फसगत होते. हवा कमी असताना कॅलिब्रेट केलं, तर तीच कमी हवा गाडी योग्य म्हणून लक्षात ठेवते आणि दिवा शांत राहतो. दिवा घालवण्यासाठी हे बटण दाबणं म्हणजे ताप उतरलाय असं थर्मामीटरला पटवणं. दोनच टायर नवे घेतले तरी घोळ होतो. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल असते. जुन्याची तीनवर आली असेल, तर दोन चाकांच्या व्यासात दहा मिलिमीटरचा, म्हणजे छोट्या मोटारीच्या चाकात दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो. हवा उतरल्याने घेरात पडणारा फरक याहून कितीतरी बारीक असतो.

घेराचा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा, तो अवघड नाही. १८५/६५ आर १५ या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. वरची आणि खालची मिळून २४०.५. त्यात पंधरा इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६२१.५ मिलिमीटर. त्याजागी १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास येतो ६२०.९, जवळजवळ तेवढाच. ही अदलाबदल सुरक्षित. पण गाडी उंच दिसावी म्हणून २०५/६० आर १६ चढवला, तर व्यास ६५२ होतो, पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ने धावत असेल, आणि टायर चाकाच्या कमानीला घासण्याची शक्यता वेगळी. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा.

त्या सुरक्षित अदलाबदलीतही एक किंमत आहेच. बाजूची उंची १२०वरून १०७ मिलिमीटरवर येते. खड्डा आणि रिम यांच्यातली रबराची गादी तेवढी पातळ होते. पावसाळ्यानंतरचा चोर्ला रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेरा मिलिमीटरचं मोल सांगायला नको. टायरवरचा भार-अंकही पाहावा. ८८ म्हणजे एका चाकावर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. भार-अंक कंपनीने दिलेल्या टायरच्या खाली जाऊ नये.

आता ती उरलेली निम्मी प्रकरणं, जिथे दिवा खरं बोलत असतो. नवा रिमसुद्धा गळू शकतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्यांना हे सांगायची गरज नाही. अलॉय व्हील ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचं ओतीव काम आहे, आणि ओतकामात वायू अडकून राहिला की धातू आतून सच्छिद्र होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या छिद्रांतून आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा जाऊ शकते. ना पंक्चर सापडतं, ना खिळा. शिवाय टायरची कडा रिमवर जिथे बसते तिथे रंगाचा जाड थर किंवा जुना गंज असला तरी गळती होते. उपाय जुनाच: चाक उतरवून साबणाचं पाणी व्हॉल्व्हभोवती, दोन्ही कडांवर आणि रिमच्या आतल्या पृष्ठभागावर लावायचं आणि घाई न करता बुडबुडे शोधायचे. कडेची गळती साफसफाईने थांबते. धातूतूनच बुडबुडे येत असतील तर रिम परत करावा. आतून एखादा लेप लावून देऊ, असं कुणी म्हणालं तरी मान्य करू नये.

साबणाचं पाणी लावण्याआधी हवा मोजायची, आणि ती थंड टायरची. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरहून जास्त चाललेली नसावी. हा नियम पाळला नाही तर आकडे कसे फसवतात ते पाहा. महामार्गावरून आल्यावर टायर ५० अंशांपर्यंत तापलेला असताना पंपावर ३३ पीएसआय भरली, तर डिसेंबरात १५ अंशांच्या पहाटे त्याच टायरमध्ये २८च्या आसपास भरते. तापमान सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो. गरम टायरमध्ये ३०च भरली असेल तर पहाटे पंचवीसला टेकेल आणि दिवा लागेल. दुपारी ऊन लागल्यावर दिवा आपोआप जातो, आणि लोक नव्या चाकांना किंवा सेन्सरला दोष देतात. दाराच्या खांबावर चिकटवलेला आकडा थंड टायरसाठीच असतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर आहे. इथे भरलेली हवा पणजीत मोजली तर तापमान तेच धरूनही साध्या गेजवर सव्वा पीएसआय कमी दिसते, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त. एवढ्याने दिवा लागत नाही. पण आधीच चार-पाच पीएसआय कमी असलेलं चाक घाट उतरल्यावर मर्यादेला टेकू शकतं. घाट चढून परत आल्यावर दिवा गेला, म्हणून प्रश्न सुटला असं समजू नये.

स्टेपनीचं विसरायला होतं. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीला सेन्सर नसतो, त्यामुळे पंक्चरनंतर ती लावली की दिवा लुकलुकणारच. इथे घाबरायचं कारण नाही. मूळ चाक दुरुस्त करून परत बसवलं की दिवा जातो. मात्र पंक्चर काढताना टायरमध्ये सीलंटचं द्रव ओतून घेऊ नये. ते सेन्सरच्या इवल्याशा छिद्रात जाऊन बसतं आणि सेन्सर बहिरा होतो. टायरची कडा यंत्राने दाबून सोडवताना दाब व्हॉल्व्हच्या जागी येऊ नये, हेही टायरवाल्याला आधीच सांगावं. आत सेन्सर आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर चूक त्याची म्हणता येणार नाही.

खरेदीपूर्वीची कागदाची बाजू थोडक्यात. रिमसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. आयएसआयची खूण पाहूनच घ्यावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. कमानीबाहेर आलेली रुंद चाकं रस्त्यावर अडवली जाऊ शकतात. खासबागेची केए २२, निपाणीची केए २३ आणि कोल्हापूरची एमएच ०९ गाडी सीमेवरून रोज ये-जा करते, पण हे कलम दोन्ही राज्यांत एकच आहे. विमा कंपनीला आणि वॉरंटी चालू असेल तर शोरूमला बदल आधी कळवून उत्तर लेखी घ्यावं.

नवी चाकं बसल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळून घ्यावेत. आणि दिव्याला काळी चिकटपट्टी लावून किंवा संगणकातून यंत्रणा बंद करून देतो असं कुणी सुचवलं, तर त्या दुकानातून गाडी बाहेर काढावी.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. जुने रिम एक्स्चेंजमध्ये देण्याआधी टायर उतरवताना स्वतः उभं राहा, चारही सेन्सर बाहेर काढून ताब्यात घ्या, त्यांच्यावरचे ओळख क्रमांक आणि कोणता सेन्सर कोणत्या चाकातला हे बिलाच्या मागे लिहून ठेवा, आणि नवी चाकं बसल्यावर महामार्गावर वीस मिनिटं चालवून दिवा गेल्याची खात्री केल्यावरच उरलेले पैसे द्या.